दोन बोटं दाब

हारिका गड्डमने तीन शाळांचे स्कर्ट उसवून त्यांचा एक स्कर्ट शिवला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, आणि गल्लीला पुढचे आठ दिवस दुसरा विषय नव्हता.

एका शाळेची निळी चौकडी, दुसरीची तांबडी, तिसरीची हिरवट करडी. त्यावर सोलापुरी चादरीचं बिनबाह्यांचं जाकीट. केसांत एकोणीस चिमटे. पायांत चार बोटं उंच तळव्यांचे बूट. ते तळवे तिने रबरी चटईचे तुकडे एकावर एक चिकटवून केले होते. ती कोपऱ्यावर आली तशी भजीच्या गाड्यावरून हाक आली, "काय बे हारिका, तिन्ही शाळेतनं काढून टाकलं का तुला?"

"हारिका नाही बे, हाराजुकू म्हण तिला," दुसरा म्हणाला.

हाराजुकू हा तोक्यो शहराचा एक भाग. तिथल्या रस्त्यांवर तरुण पोरंपोरी सुट्टीच्या दिवशी आपल्याला सुचेल तसे कपडे घालून नुसती हिंडतात. आजीचा किमोनो आणि खाली खेळाचे बूट. शाळेचा गणवेश, पण त्याला शंभर खेळणी टाचलेली. एका अंगावर सात थर, आणि सातांचं एकमेकांशी पटत नाही. हारिकाने हे सगळं पडद्यावर पाहिलं होतं, आणि आपण चुकून सोलापुरात जन्मलो अशी तिची खात्री झाली होती.

कारण सोलापुरात तिच्या घरी गणवेश होता. फक्त गणवेश.

तिचे वडील अंबादास मास्तर अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गणवेशाच्या कारखान्यात तीस वर्षं कटिंग मास्तर होते. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि यंत्राच्या सुरीने एका दमात साठ पोरांचे सदरे कापायचे, हे त्यांचं काम. आता कारखान्यात प्रकाशाच्या किरणाने कापणारं यंत्र आलं होतं. ते मिलीमीटरच्या हिशेबाने कापायचं, शिवणीच्या आत जेमतेम धागा राहील इतकंच कापड सोडायचं. मास्तरांकडे नमुने आणि दुरुस्ती उरली होती. पण हातात कात्री आली की ते शिवणीच्या आत दोन बोटं दाब, म्हणजे जादा कापड, सोडत. कापड वाया जातं म्हणून मालक कुरकुरला, तर म्हणत, "पोरगं वाढतंय, साहेब. गणवेश वाढत नाही. आत काय ठेवलं तर पुढच्या वर्षी सोडता येईल की."

हारिकाच्या लहानपणी तिच्या अंगावर कायम बाद झालेला माल असे. खिसा वाकडा लागलेला फ्रॉक, चुकीच्या शाळेचं बोधचिन्ह असलेला सदरा. मैत्रिणी विचारत, तू कुठल्या शाळेत आहेस गं? तेव्हापासून वडिलांचा गळ्यातला टेप, शर्टावरचे खडूचे डाग आणि अंगठ्याचं ते जाड झालेलं कातडं यांची तिला लाज वाटे. आणि अशी लाज वाटते याचीही वाटे. पहिली लाज दिसू नये म्हणून ती बडबड करी, दुसरी कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

*

आता थोडं त्या कापडाविषयी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

मोराचं पीस हातात घेऊन पाहा. किती निळं असतं! पण ते कुटून त्याची पूड केली तर निळा रंग नाहीसा होतो, हातात नुसती तपकिरी भुकटी उरते. कारण पिसात निळा रंग नसतोच. तिथे इतकी बारीक रचना असते की तिच्यावर आपटून परत येताना उजेडातला निळा भाग तेवढा जोर धरतो. रचनेतलं अंतर जरा बदललं की निळ्याचं हिरवं होतं.

जपानमधल्या एका प्रयोगशाळेने असा धागा काढला. केसाएवढ्या जाडीत दोनशे पापुद्रे. त्यांना किंचित वीज दिली की ते फुगतात, काढून घेतली की आकसतात, आणि पापुद्र्यांमधलं अंतर बदललं की कापडाचा रंग बदलतो. रंगाची भट्टी नको, गटारात सोडलेलं लाल-जांभळं पाणी नको.

एवढ्यावर ते थांबले असते तर ही गोष्ट झाली नसती. त्यांनी कापडाच्या विणीत सगळीकडे आणखी एक धागा घातला. त्याला वाचकधागा म्हणत. तो अंगाला टेकला की घामातला खारेपणा आणि कातडीखालून वाहणारं रक्त वाचतो. माणूस खूश झाला, घाबरला, चिडला तर तोंडाआधी कातडीला कळतं. वाचकधाग्याने ते टिपायचं, गळ्याच्या बटणात बसवलेल्या इवल्याशा यंत्राला सांगायचं, आणि बटणाने ठरवायचं की कापड कुठल्या रंगाचं होईल. सोलापुरात लोकांनी त्याचं नाव ठेवलं सरडा कापड.

पण आपल्या मनातलं सगळं अंगावर दिसावं असं कुणाला वाटेल? म्हणून बटणात एक चाळणी होती. आनंद, उत्साह, गंमत एवढं बाहेर सोडायचं, बाकीचं गाळून टाकायचं. त्यातही सगळ्यात कसून गाळायचं ती लाज. लाजेत रक्त मानेकडे, कानांकडे चढतं आणि त्याच वेळी बोटांची टोकं गार पडतात. ही खूण ठळक असते, वाचायला फार सोपी. प्रयोगशाळेच्या तक्त्यात लाजेचा रंग होता लोखंडाच्या गंजासारखा. म्हणून कापडाबरोबर सूचना येई, की शिवणीच्या आतला काठ मनगटाजवळ तेवढा ठेवा, बाकी सगळीकडे तीन मिलीमीटरवर कापून टाका. म्हणजे वाचकधागा अंगाला कमी टेकेल आणि चाळणी पुरी पडेल.

*

हारिका सतरा वर्षांची झाली त्या वर्षी तोक्योतल्या एका पोशाख-शाळेने जाहीर केलं की भारतातल्या एकाला वर्षभर तिथे शिकायला बोलावू. जागा एक. निवड पुण्यात. पाठवलेल्या छायाचित्रांवरून चाळीस जण निवडले आणि प्रत्येकाला तीन मीटर सरडा कापड धाडलं. त्या चाळिसांत हारिका होती. तिचा तीन शाळांचा स्कर्ट तोक्योत कुणाला तरी आवडला होता.

बरोबर एक अर्जही होता. 'हा पोशाख मी स्वतः बेतला, कापला व शिवला आहे.' हारिकाने खाली सही केली, मग कापायला बसली. कापड माशासारखं निसटायचं. तिने एक बाही वाकडी कापली, दुसरी त्याहून वाकडी. तेव्हा ती उठली आणि उरलेलं कापड घेऊन वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"नायना, एवढं करून द्या की."

घरात अर्धं तेलुगू, अर्धं सोलापुरी मराठी चाले. वडिलांना ती लहानपणापासून नायना म्हणे.

मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं आणि त्यावरून तळहात फिरवला. हात जिथून गेला तिथे हिरवा पट्टा उमटत गेला. कोवळ्या हुरड्याचा असतो तसा हिरवा.

"आँ? हे काय?"

"तुमची कातडी वाचतंय ते. बटण लावलंय, पण चाळणी अजून बंद आहे. थांबा, बघते." हारिकाने तक्ता काढला. पिवळा म्हणजे उत्साह, गुलाबी म्हणजे आनंद, राखाडी म्हणजे कंटाळा. हिरवा अगदी तळाशी होता. "स्थिर. विशेष नोंद नाही, असं लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय," मास्तर म्हणाले. "आपलं काय विशेष?"

पुढच्या चार संध्याकाळी ते कामावरून येत, चहा घेत आणि कापायला बसत. लांब बाह्यांचा, पुढून उघडा, गुडघ्यापर्यंतचा झगा. हारिका टेबलाजवळ बसून सूचनांचा कागद मराठीत वाचून दाखवी. "काठ तीन मिलीमीटर ठेवून कापा."

"होय होय," मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली कापड सारखं हुरड्याच्या रंगाचं राही.

"नायना, तुमचा रंग बदलतच नाही. काय कंटाळवाणा माणूस आहे!"

"तुझ्या अम्मालाही सांग," ते म्हणाले, आणि आतून काज-बटणं करणारी अम्मा हसली.

*

पुण्याला मास्तर आपण होऊन आले. टाका उसवला, सुई मोडली तर कोण बघणार? पिशवीत छोटी इस्त्री, दोरे, टाचण्या, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. टेप गळ्यातच होता.

तयार होण्याच्या खोलीत आरसेच आरसे होते. हारिका मधोमध उभी. सगळ्यांत आत तो तीन शाळांचा स्कर्ट, वर चादरीचं जाकीट, त्यावर नवा झगा. मास्तर गुडघ्यांवर बसून झग्याचा खालचा घेर सारखा करत होते. ओठांत चार टाचण्या. त्यांच्या टाचेची भेग सगळ्या आरशांत दिसत होती.

शेजारची मुलगी वळली. इरावती तिचं नाव, पुण्याचीच. अंगावर कागदासारख्या घड्यांचा पांढरा पोशाख. "किती सुंदर बसलाय गं झगा! आणि हे कोण?"

आता नुसतं 'माझे वडील' म्हणायचं होतं. दोन शब्द. पण अर्जावर सही होती. वडील म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, शिवलं कुणी? असं हारिकाने नंतर स्वतःला पुष्कळदा समजावलं. खरं तर त्या क्षणी तिला अर्ज आठवलाच नव्हता. तिला फक्त आरशातली ती टाच दिसत होती.

"आमच्या कारखान्यातले मास्तर आहेत," ती म्हणाली.

टाचणी लावणारा हात थांबला. श्वासभरच. मग मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या आणि इरावतीकडे पाहून मान हलवली.

"होय की. मॅडमच्या वडिलांकडं कामाला हाय मी. तीस वर्षं झाली."

"अरे वा! कसे आहेत मालक?"

"चांगला हाय माणूस," मास्तर म्हणाले. "जरा कमी बोलतो."

आणि पुन्हा खाली वाकले.

*

मंचावर हारिका चालत आली तेव्हा झगा फिकट गुलाबी होता. चाळणी आपलं काम करत होती. समोर तीन परीक्षक, मधोमध तोक्योहून आलेल्या मोरिता बाई. साठीच्या, पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे. परीक्षकांच्या आणि हारिकाच्या कानात दुभाष्याचं यंत्र होतं. मागे सभागृह भरलेलं. तिसऱ्या रांगेत कडेला, मांडीवर पिशवी घेऊन मास्तर बसले होते.

मोरिता बाईंनी विचारलं, "हे कापणं फार सफाईदार आहे. कोणाकडून शिकलीस?"

हारिकाने तोंड उघडलं, आणि गळ्याजवळ काहीतरी कोमट लागलं. तिने खाली पाहिलं. बटणाभोवती एक ठिपका उमटला होता. तांबूस तपकिरी. तो पसरला, गळ्याच्या शिवणीवरून खांद्यावर गेला, कुशीच्या शिवणींवरून खाली उतरू लागला. जुन्या लोखंडी फाटकावर चढतो तसा गंज चढत होता.

आजवर मंचावर हा रंग कुणी पाहिला नव्हता. चाळणी तो येऊच देत नसे. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं हारिकाला वाटलं, आणि वाटलं तसा गंज कमरेपर्यंत पोहोचला.

तेवढ्यात मोरिता बाई उभ्या राहिल्या. टाळ्या वाजवू लागल्या. मग दुसरे परीक्षक, मग सगळेच.

"बारा वर्षं आम्ही मुलांना सांगतोय," मोरिता बाईंचा आवाज कानातल्या यंत्रातून आला, "की हे कापड फक्त हसरं का दाखवता? लाज दाखवायची हिंमत कुणी केली नाही. तू चाळणी चुकवलीस. हे तू मुद्दाम केलंस ना?"

हारिकाला काही ठाऊक नव्हतं. कापड असं का वागलं ते तिला कळलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की दार उघडं आहे.

"येस," ती इंग्रजीत म्हणाली. "आय डिझाइन्ड इट लाइक दिस."

गंज गुडघ्यांकडे निघाला. टाळ्या वाढल्या. खोटं बोलताना इतकं खरं आजवर कुणी दिसलं नसेल.

अखेरच्या फेरीसाठी दोघी निवडल्या गेल्या, इरावती आणि हारिका. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं होतं आणि या झग्याची शिवण मंचावर उलगडून समजावून द्यायची होती.

*

एसटी स्थानकाच्या बाकावर मास्तरांनी भाकरीचं फडकं सोडलं, पण खाल्लं नाही. मग हळूच म्हणाले, "माझ्या हातनं खराब झालं काय गं?"

"काय?"

"ते कापड. मधेच डाग पडला वरनं खालपर्यंत. मी बघितलं की. लोक टाळ्या पिटून हसले तुला." त्यांनी हाताचे तळवे पाहिले. "तीस वर्षांत एक तागा खराब केला नाही मी. आणि नेमकं तुझंच... चुकलं बाई माझं."

मंचावरचं बोलणं इंग्रजीत आणि जपानीत झालं होतं. त्यांच्या कानात यंत्र नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की पोरीच्या अंगावरचं कापड बिघडलं आणि सभा हसली.

सांगायचं होतं. नायना, ते हसले नाहीत. नायना, ते तुमच्यासाठी होतं. पण एक सांगितलं की सगळं सांगावं लागलं असतं, आरशांच्या खोलीतलंही. हारिकाने भाकरीचा तुकडा मोडला.

"असू दे, नायना," ती म्हणाली.

म्हणजे तिने माफ केलं. चूक तिची, आणि माफी तिने दिली. झगा पिशवीत घडी करून ठेवला होता म्हणून बरं.

*

घरी आल्यावर उरलेल्या तुकड्यांतून तिने स्वतः एक बाही शिवली, सूचनेबरहुकूम, तीन मिलीमीटरवर काठ कापून. झग्याचं बटण तिला लावलं, हातात चढवली आणि मुद्दाम ती आरशांची खोली आठवली. बाही गोड गुलाबी झाली. पुन्हा आठवलं. गुलाबीच. चाळणीतून काहीही सुटत नव्हतं.

मग मूळ झग्यात असं काय होतं?

अकराव्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिने झग्याची कुशीची शिवण उसवली. एक टाका, दुसरा टाका. शिवण उघडली आणि ती बघतच राहिली. आत पूर्ण दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. कुशीला, खांद्याला, गळ्याभोवती, बाह्यांना. कुठेही काठ कापलेला नव्हता. दुमडल्यामुळे वाचकधागा दुहेरी झाला होता आणि सगळीकडे अंगाला टेकत होता. एका ठिकाणी ऐकायचं ते शंभर ठिकाणी ऐकू येत होतं. इवल्याशा चाळणीला ते कसं पेलणार?

घडीच्या आत खडूने लिहिलं होतं. कारखान्यात ज्या पोराचा गणवेश पुढे मोठा करायचा असेल त्याच्या कापावर मास्तर जी खूण लिहीत, तीच. 'हारिका. वाढतं अंग.'

आता तिला गुपित कळलं होतं. दोन बोटं दाब. मंचावर जाऊन सांगायचं की मी वाचकधागा दुहेरी केला, चाळणीवर मात केली. झालं. तोक्यो. कुणाला कळणार नव्हतं. ज्यांना कळलं असतं ते स्वतःला मालकाचा नोकर म्हणवून मोकळे झाले होते.

संध्याकाळी मास्तर आले. टेबलावर उसवलेला झगा बघून थबकले.

"नायना, इथे दाब का ठेवला? कागदावर तीन मिलीमीटर होतं. मी वाचून दाखवलं होतं."

"तीन मिलीमीटरात काय राहतंय?" मास्तर खजील होऊन म्हणाले. "सतरा वर्षांची हाईस. अजून एक-दोन बोटं वाढशील. एवढं भारी कापड, पुढच्या वर्षी तोकडं झालं तर टाकून द्यायचं का? मी म्हटलं आत असू दे, कुणाला दिसतंय." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि चेहरा उतरला. "त्याच्यामुळंच डाग पडला की काय? होय ना? थांब. आत्ता कापून देतो सगळं. चार दिवस हायत अजून."

त्यांनी कात्री उचलली. हारिकाने त्यांचा हात धरला.

"नको."

"अगं, पण डाग..."

"नको म्हणते ना!"

त्यांच्या हाताखाली कापड हुरड्याच्या रंगाचं होतं. तिच्या हाताखाली गंजाचं. दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी. तिने आपला हात झटकन काढून घेतला. त्यांना त्या रंगांचा अर्थ ठाऊक नव्हता. तो तक्ता तिच्याकडे होता.

फेरीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "नायना, उद्या चला बरोबर."

मास्तरांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "मी कशाला? मालकाला ने की."

एवढंच. त्यात राग नव्हता, थट्टाच होती, आणि म्हणून ती जास्त लागली. पण सकाळी पिशवी भरून ते दाराशी उभे होते.

*

या खेपेलाही हारिकाने कानातलं यंत्र लावलं, पण बोलली मराठीत, तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचेल इतक्या मोठ्याने.

"हा झगा मी कापला नाही, शिवलाही नाही. अर्जावर खोटी सही केली. हा माझ्या वडिलांनी शिवला. अंबादास गड्डम. गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहेत."

गळ्याभोवती ठिपका उमटला.

"चाळणी मी चुकवली नाही. त्यांनी आत दोन बोटं दाब ठेवला, मी वाढेन म्हणून. त्यामुळे ते झालं. मी म्हणाले, मी मुद्दाम केलं. ते खोटं होतं." तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "आणि त्या दिवशी खोलीत मला विचारलं, हे कोण. तेव्हा मी म्हणाले कारखान्यातले मास्तर. वडील म्हणाले नाही. कारण मला त्यांच्या टाचेची लाज वाटली."

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. तिला हलकं वाटलं नाही. गंज कमरेवरून, मांड्यांवरून खाली गेला, बाह्यांतून मनगटापर्यंत आला, आणि पोशाखाचा बोटभरही भाग मोकळा राहिला नाही. या वेळी टाळी वाजली नाही. गंज झाकायला तिने हात उचलले आणि मग तसेच खाली सोडले.

मोरिता बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "नियम नियम असतो. आम्हाला ही जागा तुला देता येणार नाही."

"हो," हारिका म्हणाली.

तेवढ्यात मंचाच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. मास्तर वर येत होते. गळ्यात टेप, काखेत पिशवी. परीक्षकांकडे, सभेकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ मुलीपाशी आले आणि गळ्याजवळचा गंज निरखू लागले.

"नायना, जा ना खाली. लोक बघतायत."

"बघू दे की. हा डाग जातो का बघतो." अंगठा जिभेला लावून, तिच्या लहानपणी गालावरची शाई पुसत तसे ते शिवणीवर चोळू लागले.

"तो डाग नाही, नायना. ती माझी लाज आहे. तिचा रंग असा असतो."

"ऐकलं की मी सगळं." ते चोळतच राहिले. "हो, टाचेला मलम लावायला पाहिजे. तुझी अम्माही म्हणते."

मग त्यांनी अंगठा उचलला. त्या सबंध गंजलेल्या पोशाखावर, गळ्याजवळ, अंगठ्याएवढा एक ठसा राहिला होता. कोवळ्या हुरड्याचा हिरवा. टेबलावर होता तोच. सगळं ऐकल्यानंतरही तोच.

मोरिता बाई जागेवरून उठून जवळ आल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून तो ठसा पाहू लागल्या. "हा कुठला रंग?"

"तुमच्याच तक्त्यात आहे," हारिका म्हणाली. "अगदी तळाशी. विशेष नोंद नाही."

ठसा मिनिटभर टिकला, मग भोवतालच्या गंजात विरून गेला. मोरिता बाईंनी वही काढली आणि दुभाष्यामार्फत मास्तरांना विचारलं, आत नेमकं किती कापड ठेवलं?

मास्तरांनी दोन बोटं जुळवून दाखवली.

"म्हणजे किती मिलीमीटर?"

"ते मला नाही माहीत, बाई. हे माप."

"पण कुणाची बोटं धरायची?"

"आता शिवलं मी," मास्तर म्हणाले, "तर माझीच की."

मोरिता बाईंनी वही पुढे केली. मास्तरांनी कानावरचा खडू काढला आणि जपानी अक्षरांच्या बाजूला, पानावर दोन बोटं ठेवून, दोन रेघा ओढून दिल्या.

*

जागा इरावतीला मिळाली. स्थानकावर ती हारिकाला भेटायला आली, पण मास्तरांशीच जास्त बोलली, जाताना त्यांच्या पाया पडली आणि हारिकाला म्हणाली, "तुझ्या मालकाला सांभाळ गं." हारिकाला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

सोलापूरच्या गाडीत तिने झगा काढला नाही. समोरची बाई आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसून दाखवत होती, मागची पोरं फिदीफिदी हसत होती. गळ्याच्या बटणाला एक कळ होती, दाबली की कापड पांढरं पडे. तिने ती दाबली नाही. इंदापूर गेलं, टेंभुर्णी गेलं. गंज तसाच होता. खाली घेराकडे थोडा उतरला असेल, किंवा तिला तसं वाटत असेल.

मास्तरांनी फडकं सोडलं, भाकरी मोडून तिच्या हातात दिली. ती घ्यायला तिने हात पुढे केला, तशी बाही वर सरकली आणि मनगटाचं हाड उघडं पडलं. मास्तर त्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला, तिचा हात धरून खांद्यापासून माप घेतलं आणि स्वतःशीच मान हलवली.

"बाह्या आखूड व्हायला लागल्यात," ते म्हणाले. "रविवारी काढून दे. आत हाय की कापड. सोडू."